रक्तातले क्षार की आयन?

प्रश्न असा आहे: सासूबाईंची रक्ततपासणी पाहून डॉक्टर म्हणाले, 'अंगातले क्षार कमी झालेत.' हिंदी माध्यमात शिकलेल्या सुनेला क्षार म्हणजे अल्कली, आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, एवढंच ठाऊक. मग सोडियम-पोटॅशियमला क्षार म्हणणं चूक का?

चूक नाही. हिंदीत सॉल्टला लवण म्हणतात आणि अल्कलीला क्षार. आपल्या शाळेत मात्र आम्ल आणि आम्लारी यांच्यापासून क्षार आणि पाणी तयार होतं असं शिकवतात. तिथे क्षार म्हणजे सॉल्टच. (आम्लारी, म्हणजे आम्लाचा अरी. किती नेमका शब्द!) जुना अर्थ आपल्याकडूनही गेलेला नाही. पापडखार, जवखार यांतला 'खार' हा क्षारच, आणि तो अल्कलीच्याच अर्थाने.

पण तपासणीतला आकडा क्षाराचा नसतो. मीठ पाण्यात विरघळलं की सोडियमचे धनप्रभारित आणि क्लोराइडचे ऋणप्रभारित कण सुटे होतात. ते आयन. रक्तात सोडियमचे आयन लिटरमागे साधारण १३५ ते १४५ मिलिमोल (कणांची संख्या मोजायचं एकक) असतात, पोटॅशियमचे जेमतेम ३.५ ते ५. पेशीच्या आत नेमकं उलट, पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं. हा फरक टिकवायला पेशीपटलातला पंप दर फेरीला ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. मज्जातंतूतून संदेश धावतो तो सोडियम पटकन आत शिरतं आणि मागोमाग पोटॅशियम बाहेर पडतं म्हणून. सगळा खेळ ये-जा करण्याचा.

आणि 'आयन'चा अर्थही तोच! इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने १८३४ साली तो ग्रीकमधून घेतला, 'जाणारा' या अर्थाने. तो ग्रीक धातू आणि संस्कृतातला 'इ' (एति, म्हणजे जातो) एकाच कुळातले. उत्तरायणातलं 'अयन' याच 'इ'चं. मला तरी हा शब्द परका वाटत नाही.

बोलताना 'क्षार' खुशाल म्हणा. मात्र ते ऐकून घरचे लगेच ताटातलं मीठ वाढवतात, त्याची मला काळजी वाटते. सोडियमचा आकडा पाण्याच्या प्रमाणात मोजलेला असतो. अंगात पाणी जास्त साठलं तरीही तो उतरतो. म्हणून सासूबाईंच्या वहीत 'क्षार कमी' असं लिहू नका. 'रक्तातलं सोडियम कमी' असं लिहा, पुढे आकडा लिहा, आणि मिठाचं काय करायचं ते डॉक्टरांनाच विचारा.