भाडं की हप्ता? आधी दोन्ही एकदम भरायचे महिने मोजा

तुमची पोस्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. पुण्याजवळ वाकडला टू बीएचके, भाडं २४ हजार. घरमालकांचा मुलगा परत येतोय म्हणून करार संपला की जागा रिकामी करायची आहे. त्याच भागात ७५ लाखांचा रिसेलचा फ्लॅट आवडलाय, हाताशी २० लाख आहेत, आणि गावाकडून रोज फोन येतोय की भाडं म्हणजे पाण्यात घातलेले पैसे. २०१९ मध्ये आम्ही दोघं याच पेचात होतो. आकडे वेगळे होते, फोन तेच होते.

आधीच सांगते, मी वकील नाही, सीए नाही, या धंद्यातलीही नाही. एकदा भाडेकरू म्हणून आणि एकदा खरेदीदार म्हणून जे सोसलं त्यावरून लिहिते आहे. भोगवटा प्रमाणपत्र, टायटल सर्च, सोसायटीची थकबाकी या गोष्टी तुम्ही बघालच, त्यात शिरत नाही.

तुमचं गणित मला जसं दिसतं तसं मांडते. ७५ लाखांच्या फ्लॅटला बँक जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ६० लाख देईल. उरलेले १५ लाख तुमचे. पिंपरी-चिंचवडमध्ये मुद्रांक शुल्क सगळं धरून ७ टक्के, म्हणजे सव्वापाच लाख, आणि नोंदणी फी ३० हजार. ही रक्कम कर्जात बसत नाही, खिशातूनच जाते. झाले साडेवीस लाख. एजंटची दलाली, सोसायटीची ट्रान्स्फर फी आणि रंगकाम अजून यात धरलेलंच नाही. म्हणजे ज्या दिवशी सही कराल त्या दिवशी खातं रिकामं, उलट कुणाकडून तरी उसने घेतलेले. (घर फक्त बायकोच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, पण दोघांच्या नावावर घेतलं तर नाही. त्यात घरचे काय म्हणतील ते तुमचं तुम्ही बघा.)

आता हप्ता. साडेआठ टक्के दर आणि २० वर्षं धरली तर ६० लाखांचा हप्ता साधारण ५२ हजार. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले ४२,५०० व्याजाचे आणि साडेनऊ हजार मुद्दलाचे. पाच वर्षांत तुम्ही ३१ लाखांच्या वर भराल आणि मुद्दल उतरेल जेमतेम सात लाखांनी. २४ लाख नुसतं व्याज. पाण्यात घातलेले पैसे म्हणायचे तर हेही तेच. त्याच पाच वर्षांत २४ हजारांचं भाडं दरवर्षी ५ टक्के वाढत गेलं तरी एकूण जातं १६ लाखांच्या आत. व्याज, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी एका बाजूला, भाडं दुसऱ्या बाजूला ठेवलं तर पाच वर्षांनी फ्लॅटची किंमत निदान पावणेचौदा लाखांनी वाढलेली असली तरच तुम्ही बरोबरीला येता. महिन्याचा मेंटेनन्स आणि तुमच्या २० लाखांवर बुडालेलं व्याज यात नाही. नव्या करप्रणालीत असाल तर राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही आणि एचआरएची सूटही नाही, त्यामुळे कराचा मुद्दा दोन्हीकडून बाद होतो. जुन्या प्रणालीत असाल तर एकदा सीएकडून तुलना करून घ्या.

म्हणून माझं मत: एकाच जागी सात-आठ वर्षं राहणार असाल तर घ्या, नाहीतर घाई करू नका. तुमचं ऑफिस हिंजवडीला आणि बायकोचं खराडीला आहे असं लिहिलंय. दोघांपैकी एकाची नोकरी बदलली तरी वाकड गैरसोयीचं होणार. हे मी ठामपणे म्हणते, कुणाला पटो न पटो.

पण हे गणित कुणीही करून देईल. मला लिहायचंय ते त्या महिन्यांबद्दल, जेव्हा भाडंही भरावं लागतं आणि व्याजही. त्यांनी आम्हाला सगळ्यात जास्त मारलं आणि आधी त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

आमच्या फ्लॅटवर विक्रेत्याचं कर्ज होतं. पद्धत अशी असते: विक्रेत्याची कर्ज देणारी संस्था फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल त्याचं पत्र) आणि तिच्याकडे असलेल्या मूळ कागदांची यादी, म्हणजे एलओडी, देते. आपली बँक त्या संस्थेला थेट डीडी देऊन विक्रेत्याचं कर्ज फेडते. मग संस्था मूळ कागद सोडते, ते आपल्या बँकेत जमा होतात, बँक उरलेली रक्कम विक्रेत्याला देते आणि आपल्याला किल्ली मिळते. कागदावर हे आठ-पंधरा दिवसांचं काम आहे.

आमच्या बँकेने डीडी दिला आणि त्या दिवसापासून आमचं व्याज सुरू झालं. त्या संस्थेच्या ऑफिसातून कागद काही आले नाहीत. आधी सांगितलं की कागद दुसऱ्या शहरातल्या गोदामात असतात, मागवले आहेत. मग सांगितलं, आले आहेत पण तपासणी बाकी आहे. शेवटी पाकीट उघडलं तेव्हा बिल्डरने पहिल्या मालकाला करून दिलेला मूळ करारनामाच त्यात नव्हता. त्यांनी स्वतः सही-शिक्का मारून दिलेल्या एलओडीत तो पहिल्या क्रमांकावर होता. आमची बँक म्हणाली, चेनमधला, म्हणजे घराची मालकी कुणाकडून कुणाकडे गेली त्या कागदांच्या साखळीतला, पहिला कागद नाही तर उरलेले पैसे सोडणार नाही. विक्रेता म्हणाला, पूर्ण पैसे नाहीत तर किल्ली नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. मधल्यामध्ये आम्ही, भाडं भरतोय आणि व्याजही भरतोय.

हरवलेल्या कागदावर उपाय असतो. दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढायची, पोलिसांत हरवल्याची तक्रार नोंदवायची, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची, हमीपत्र करायचं. बँका एवढं झालं की बहुतेक वेळा मान्य करतात. पण यातल्या प्रत्येक पायरीला त्या संस्थेचं एक पत्र लागत होतं, की कागद आमच्या ताब्यातून गहाळ झाला. ते पत्र ते देईनात. काउंटरवरची व्यक्ती म्हणायची वरून येईल, वरच्यांना मेल केला की ब्रँचला विचारा असं उत्तर. आणि मी जरा आवाज चढवला की ठरलेलं वाक्य: “मॅडम, तुम्ही आमच्या कस्टमर नाही, आम्ही तुमच्याशी बोलू शकत नाही.” त्यांचं कर्ज आमच्या बँकेने आमच्या नावावर फेडलं होतं, त्या पैशांवर व्याज मी भरत होते, आणि मी त्यांची कुणीच नव्हते. आजही ते वाक्य आठवलं की हात थरथरतात. हरवलेला कागद मी समजू शकते, माणसांकडून होतं. हरवला हे लिहून न देणं मी माफ करू शकत नाही.

शेवटी गाडी हलली ती विक्रेत्याच्या सहीने लेखी तक्रार गेल्यावर. तक्रार विक्रेत्याचीच हवी, आपली नाही, हे आम्हाला कुणीही सांगितलं नाही. एजंटने नाही, बँकेच्या माणसाने नाही. तोवर हातातली शिल्लक संपलेली होती.

तुमच्या वेळेला एक गोष्ट बदलली आहे. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ ला काढलेल्या आदेशानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत सगळे मूळ कागद परत करून बोजा उतरवणं बँका आणि गृहवित्त कंपन्यांवर बंधनकारक आहे. त्यांच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद हरवला तर दुसरी प्रत मिळवायला मदत करणं आणि तिचा खर्च उचलणंही त्यांच्याच माथी, फक्त त्यासाठी त्यांना आणखी ३० दिवस मिळतात. पण ही भरपाई मिळते कर्जदाराला, म्हणजे तुमच्या विक्रेत्याला! उशिराचं व्याज तुम्ही भरणार आणि ५,००० त्याच्या खात्यात जाणार. म्हणून करारनाम्यातच लिहून घ्या की कागद येण्यास उशीर झाला तर मिळालेली भरपाई खरेदीदाराची, आणि ठरलेल्या तारखेनंतर ताबा मिळेपर्यंतचं तुमचं व्याज विक्रेता सोसेल. विक्रेता कुरकुर करेल, करू द्या. मसुदा मात्र तुमच्या वकिलाकडूनच करून घ्या, एजंटच्या छापील नमुन्यावर सही करू नका. विक्रेता तक्रारीवर सही करायला आणि तुमच्यासोबत ऑफिसात यायला बांधील आहे, हेही त्यात असू द्या. तक्रार आधी संस्थेकडे लेखी, दाद लागली नाही तर बँकेसाठी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, गृहवित्त कंपनीसाठी राष्ट्रीय आवास बँक.

टोकन, म्हणजे व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम, देण्याआधी एलओडी मागा. टोकन दिल्यावर तुमच्या शब्दाला वजन राहत नाही. एलओडीतला प्रत्येक कागद चेनशी ताडून बघा: बिल्डरचा करारनामा, त्यानंतरच्या प्रत्येक विक्रीचा करार, नोंदणीच्या पावत्या, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी गोषवारा). विक्रेता “सगळं बँकेत आहे हो” म्हणाला तर थांबा.

भाड्याच्या बाजूचंही सांगते. किल्ली हातात पडेपर्यंत सध्याच्या घरमालकांना पक्की तारीख देऊ नका. मुलगा येतोय म्हणून त्यांना घाई असेल तर त्याच भागात लहान लॉक-इनचं, म्हणजे थोड्या महिन्यांत सोडता येईल असं, दुसरं घर बघा. सामान दोनदा हलवायचा खर्च व्याजाच्या तुलनेत काहीच नाही. आणि लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपला नेहमीचा भाडेकरार, नोंदवलेलाच हवा. ११ महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, हे महाराष्ट्रात चुकीचं आहे. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदलेला नसेल तर डिपॉझिट परत घेताना तुमचीच दमछाक होते.

आणखी दोन गोष्टी, विषय निघालाच आहे म्हणून. सोसायटीला ट्रान्स्फरसाठी २५ हजारांहून जास्त प्रीमियम घेता येत नाही. ‘स्वेच्छा देणगी’च्या नावाखाली लाखभर मागतात, आणि लोक कटकट नको म्हणून देतात, म्हणून मागतात. देऊ नका. आणि व्यवहार ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरणं खरेदीदाराच्या गळ्यात असतं. राहून गेलं तर नोटीस तुम्हाला येते.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, असं विचारलंयत. ७५ चा हा फ्लॅट २० लाखांच्या जिवावर घेतला नसता. दीड-दोन वर्षं भाड्यानेच राहून शिल्लक ३० च्या आसपास नेली असती, किंवा आत्ताच घ्यायचं तर ५५-६० लाखांचा, थोडा जुना, कर्ज नसलेला फ्लॅट शोधला असता. कुठल्याही परिस्थितीत सहा महिन्यांचं भाडं आणि हप्ता दोन्ही मिळून होईल एवढी रक्कम वेगळी ठेवली असती. तुमच्या आकड्यांत ती साडेचार लाखांच्या वर जाते, आणि तेवढी उरत नसेल तर तो फ्लॅट तुमच्या ऐपतीतला नाही, बँकेने कर्ज मंजूर केलं असलं तरी. वय, आईवडिलांची तब्येत, मुलांची शाळा यांनी हे सगळं बदलू शकतं, ते मला माहीत नाही. स्वतःच्या घराचा आनंद मी नाकारत नाही. आम्ही आज त्याच घरात राहतो आणि घर आम्हाला आवडतं.

या फ्लॅटवर विक्रेत्याचं कर्ज आहे का, ते तुमच्या पोस्टमध्ये कुठे दिसलं नाही. असेल तर बँकेचं आहे की गृहवित्त कंपनीचं, आणि टोकन दिलंय का, एवढं कळवा. एलओडी हातात आली की तुमच्या वकिलाला दाखवायच्या आधी त्यातली कागदांची यादी इथे टाका, नावं आणि फ्लॅट नंबर झाकून. चेनमध्ये कुठे काही गळतंय का, ते मी बघून सांगेन.