मेजरमेंट माइक घेतला आहे, आता स्टुडिओ मॉनिटर कॅलिब्रेट कसे करायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १० बाय १२ ची खोली, टेबलावर यामाहा एचएस५ मॉनिटर स्पीकरची जोडी, नवा यूमिक-१ माइक. घरी नेमका वाटलेला डग्गा गाडीत ऐकला की घुमतो. सॉफ्टवेअरने स्पीकर ‘फ्लॅट’ (सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्या) केले की हे सुटेल का?

काही अंशी सुटेल. पण माइक आधी स्पीकर कुठे ठेवायचे हे ठरवायला वापरा, इक्यू (फ्रिक्वेन्सीनुसार आवाज कमी-जास्त करणं) नंतर. घुमणं तुमच्या मिक्समध्येच आहे, फक्त खोलीत ते ऐकू येत नाही. म्हणजे तुम्ही बसता तिथे १०० हर्ट्झच्या आसपास बहुधा खड्डा आहे (त्या फ्रिक्वेन्सी दबतात), आणि तो भरून काढायला नकळत डग्गा वाढवला जातोय.

हा खड्डा बऱ्याचदा स्पीकरच्या पाठीमागच्या भिंतीमुळे पडतो. बेस फक्त समोर जात नाही, सगळीकडे पसरतो. ज्या फ्रिक्वेन्सीची पाव तरंगलांबी स्पीकरच्या तोंडापासून भिंतीपर्यंतच्या अंतराएवढी असते, ती भिंतीवरून उलट्या फेजमध्ये (थेट लाटेचा चढ तिथे हिचा उतार) परत येते आणि थेट आवाज खाते. हिशेब सोपा आहे: ३४३ भागिले अंतराची चौपट. अंतर ८५ सेंटीमीटर असेल तर सुमारे १०१ हर्ट्झ. इथे इक्यूने १० डीबी वाढवलेत तर परतणारा आवाजही तेवढाच वाढतो, खड्डा तसाच राहतो. शक्ती मात्र दहापट लागते, आणि एचएस५ च्या वूफरला (बेसच्या स्पीकरला) मिळतात ४५ वॅट.

म्हणून स्पीकर मागे सरकवा. एचएस५ चा पोर्ट (बेससाठी हवा बाहेर पडायचं भोक) मागच्या बाजूला आहे, तेव्हा भिंत आणि स्पीकरमध्ये १० सेंटीमीटर जागा सोडा. मग खड्डा २७० हर्ट्झच्या आसपास जातो आणि तिथे ४ इंची रॉकवूलचं पॅनेल त्याला आवरू शकतं. (अंड्यांचे ट्रे लावू नका, बेसवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही.) भिंतीजवळ बेस फुगेल, त्यासाठी मागचा रूम कंट्रोल स्विच उणे २ किंवा उणे ४ वर ठेवून पाहा.

आता मोजणी. आरईडब्ल्यू म्हणजे रूम इक्यू विझार्ड हे मोजणीचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. यूमिकच्या सीरियल नंबरवरून त्याची कॅलिब्रेशन फाइल (त्या माइकची स्वतःची चूक भरून काढणारी) उतरवून घ्या. माइक समोर दोन्ही स्पीकरांच्या मध्ये रोखणार असाल तर शून्य अंशाची, छताकडे उभा धरणार असाल तर ९० अंशाची. चुकीची फाइल लावली तर वरच्या फ्रिक्वेन्सी खोट्या दिसतात. माइक स्टँडवर, कानाच्या उंचीला, तुमचं डोकं असतं तिथे. पंखा आणि एसी बंद, तुम्ही खुर्चीतून बाजूला. आधी पिंक नॉइज (सगळ्या फ्रिक्वेन्सींचा सलग खरखराट) लावून दोन्ही स्पीकरांची पातळी सारखी करा, ७५ डीबी पुरे. मग २० ते २०,००० हर्ट्झचा स्वीप (खालून वर चढत जाणारा सूर), डावा आणि उजवा वेगवेगळा. डोक्याच्या आजूबाजूला वीतभर अंतरावर आणखी काही मोजण्या घेऊन सरासरी काढा. स्पीकर सरकवला की पुन्हा स्वीप. या टप्प्याला एक अख्खी दुपार द्या. माझ्या मते खरा फरक इथेच पडतो.

जागा पक्की झाली की मगच इक्यू, तोही मुख्यतः ३०० हर्ट्झच्या खाली. त्याच्या वरच्या बारीक लाटा डोकं चार बोटं हललं तरी बदलतात, त्यांच्या मागे लागू नका. खाली फक्त उंचवटे कापा. १२ फूट लांबीमुळे ४७ हर्ट्झला आणि १० फूट रुंदीमुळे ५६ हर्ट्झला खोलीचे मोड (भिंतींमध्ये घुमून फुगणाऱ्या फ्रिक्वेन्सी) येतात, पण एचएस५ ५४ हर्ट्झलाच १० डीबीने खाली गेलेला असतो. तिथे जास्त बेस मागू नका. वरच्या टोकाला ग्राफ हळूहळू उतरू द्या. बसण्याच्या जागी अगदी सपाट केलेला आवाज कानाला टोचतो आणि मग मिक्स मंद होतात.

इक्यूचे फिल्टर लावताना एक सांभाळा. विंडोजवरचं इक्वलायझर एपीओ हे इक्यू सॉफ्टवेअर एएसआयओ ड्रायव्हरमधून (ऑडिओ इंटरफेसकडे जाणारा थेट मार्ग) जाणाऱ्या आवाजावर चालत नाही, म्हणजे तुमच्या डॉमध्ये (डीएडब्ल्यू, रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर) ते बहुधा लागूच होणार नाही. रीपर हा डॉ वापरत असाल तर फिल्टर मॉनिटरिंग एफएक्समध्ये टाका, ते रेंडरमध्ये (शेवटी काढलेल्या फाइलमध्ये) उतरत नाहीत. दुसऱ्या डॉमध्ये मास्टरवर टाकलेत तर फाइल काढण्याआधी न विसरता बंद करा.