उपकरण ‘व्यस्त’ की ‘गुंतलेले’?

नाशिकचा एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी लिनक्स कर्नल मॉड्यूलवर (लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जोडायच्या कोडच्या तुकड्यावर) मराठीत टिपणे लिहितो आहे. मॉड्यूल सुरू होताना ‘डिव्हाइस बिझी’ आले तर ‘उपकरण व्यस्त आहे’ चालेल का, असे त्याने विचारले आहे.

माझ्या मते नको. मराठीत व्यस्त म्हणजे उलट. शाळेतले व्यस्त प्रमाण आठवा. ‘कामात असलेला’ हा अर्थ हिंदीच्या वळणाने आला. आपल्याकडे माणूस कामात असतो, हात गुंतलेले असतात. ‘गुंतलेले’ म्हटले की ते आधीच कोणीतरी धरून ठेवलेय हेही कळते, आणि कर्नलमध्ये घडते ते हेच. इंटरप्टची लाइन (उपकरण प्रोसेसरचे लक्ष वेधते ती वाट) दुसऱ्या ड्रायव्हरने, म्हणजे दुसरे उपकरण चालवणाऱ्या कोडने, घेतली असेल आणि ती सामाईक ठेवलेली नसेल, तर उणे १६, म्हणजे ईबिझी हा एरर कोड, परत येतो.

सिंहस्थात पंचवटीतल्या एखाद्या धर्मशाळेत खोली मागून पाहा. ‘इथे खोल्याच नाहीत’, ‘खोली रिकामी नाही’, ‘ओळखपत्राशिवाय देत नाही’. तिन्ही नकारच, पण पहिला ऐकून यात्रेकरू दुसरी धर्मशाळा शोधतो, दुसरा ऐकून थांबतो, तिसरा ऐकून पिशवीतले कागद काढतो. ईनोडेव्ह (उणे १९, उपकरणच नाही), ईबिझी आणि ईपर्म (उणे १, परवानगी नाही) यांच्यात हाच फरक आहे.

म्हणून मॉड्यूलच्या सुरुवातीच्या फंक्शनमधून नुसते उणे १ परत करू नये. मी एकदा केले होते. चिप सापडली नव्हती, पण पडद्यावर ‘परवानगी नाही’ अशा अर्थाचा संदेश आला आणि सहकारी अख्खी दुपार रूटचे (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याचे) अधिकार तपासत बसला. उणे १९ लिहिले असते तर त्याने थेट वायर पाहिली असती.

‘एरर’ला त्रुटी ठीक आहे. तो शब्द तुटणे, तूट यांच्या कुळातला; उणीव दाखवतो. चूक मात्र करणाऱ्याची असते, आणि उपकरण जोडलेले नसणे ही कोणाची चूक नव्हे.

आणखी एक. उणे २२, म्हणजे ईइनव्हॅल (‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’), याला ‘अवैध युक्तिवाद’ लिहू नका. युक्तिवाद वकील करतात, आणि अवैध म्हटले की आपल्याला गोदाकाठचा वाळूउपसा आठवतो. इथले आर्ग्युमेंट म्हणजे फंक्शनला दिलेली किंमत, पॅरामीटर; म्हणून ‘पॅरामीटर चुकीचा’ लिहा. चूक हा शब्द इथे शोभतो, कारण तो पॅरामीटर कोणीतरी दिलेला असतो.