झडप बदलताना एक्स-रे टाळता येईल का?

जांघेतून नळी घालून हृदयाची झडप बदलण्याचा सल्ला मिळालेली कुटुंबे एक प्रश्न हमखास विचारतात : एक्स-रेखाली इतका वेळ ठेवण्यापेक्षा सोनोग्राफीवर भागणार नाही का? कागल तालुक्यातील ७८ वर्षांच्या एका शेतकऱ्याची सून हाच प्रश्न घेऊन कोल्हापुरात माझ्याकडे आली होती (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). तिच्या सासऱ्यांची, म्हणजे आबांची, महाधमनीची झडप चुना साचून अरुंद झाली होती, गोठ्यापर्यंत चालतानाही त्यांना धाप लागत असे आणि जुन्या मधुमेहामुळे क्रिएटिनिन (किडनी किती काम करते हे दाखवणारा रक्तातील घटक) वाढलेले होते. “आबांना त्या किरणांनी कॅन्सर झाला तर?” ही तिची भीती होती.

किरणांमुळे होणारा कॅन्सर दिसून यायला बहुधा अनेक वर्षे जातात, म्हणून तो विचार तरुण रुग्ण, गर्भवती आणि रोज त्या खोलीत उभे राहणारे डॉक्टर व तंत्रज्ञ यांच्यासाठी अधिक महत्त्वाचा, हे मी तिला समजावले. आबांच्या बाबतीत मोठी काळजी डायची होती. एक्स-रेमध्ये चुना आणि धातूची तार दिसते, पण झडपेच्या मऊ पाकळ्या व रक्तप्रवाह दिसत नाही. त्यासाठी आयोडीनयुक्त डाय सोडावा लागतो आणि तो दुबळ्या किडनीला त्रासदायक ठरू शकतो.

सोनोग्राफीचे बळ नेमके येथे आहे. अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागून जाते. तिच्यातून उतरवलेल्या इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) नळीमुळे नवी झडप कोठे बसते आहे आणि तिच्या कडेने रक्त गळते आहे का, हे डायशिवाय त्याच क्षणी कळते. मात्र त्यासाठी बहुधा पूर्ण भूल किंवा गाढ गुंगी लागते, दाट चुन्याच्या सावलीने चित्र झाकोळते आणि जांघेपासून हृदयापर्यंतचा तारेचा प्रवास सलग दिसत नाही. २००२ साली फ्रान्समध्ये डॉ. आलाँ क्रिबिए यांनी पहिल्यांदा अशी झडप बसवली, तेव्हापासून एक्स-रे हाच मुख्य आधार राहिला आहे. केवळ इकोवर हे काम सरावलेल्या मोजक्या पथकांनीच केले आहे. त्यामुळे सरसकट एक्स-रे नाकारण्याचा आग्रह कुटुंबाने धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

“ताई, मग डॉक्टरांना विचारू तरी काय?” असे तिने विचारले, तेव्हा आम्ही प्रश्न लिहून काढले : इकोची मदत घेऊन डाय किती कमी करता येईल, आधीच्या सीटी स्कॅनलाही डाय लागत असल्यास त्यात आणि झडप बसवण्यात पुरेसे दिवस ठेवता येतील का, आणि भुलीचा धोका आबांना कितपत आहे. आबांना घास गिळताना त्रास होतो का, हे भूलतज्ज्ञांना आधीच सांगण्यासही मी सुचवले. हृदयरोगतज्ज्ञांनी एक्स-रे व इको दोन्ही वापरण्याचे ठरवले, आणि झडप बसवल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत क्रिएटिनिन पुन्हा तपासण्याची सूचना केसपेपरवर लिहून दिली.