जुन्या ऑसिलोस्कोपमधली मेमरी बॅटरी बदलताना कॅलिब्रेशन उडू नये म्हणून काय करावं?

जुनी बॅटरी आधी काढू नका, एवढं सर्वात महत्त्वाचं. टेक्ट्रॉनिक्स २४६५बी सारख्या स्कोपमध्ये कॅलिब्रेशनचे आकडे (मोजमाप अचूक येण्यासाठी केलेल्या दुरुस्त्या) बॅटरीवर टिकणाऱ्या रॅममध्ये, म्हणजे मेमरी चिपमध्ये, असतात. ते एकदा पुसले गेले की पूर्ण कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागतं आणि त्याला लागणारी उपकरणं घरी सहसा नसतात.

स्कोपचा प्लग सॉकेटमधून काढा, आतले कपॅसिटर डिस्चार्ज होऊ द्या, मग जुन्या सेलचं व्होल्टेज मोजा. साधारण ३.६ व्होल्ट असेल तर सेल अजून चालू आहे. अशा रॅमला डेटा टिकवायला बहुधा किमान २ व्होल्ट लागतात, पण तिथपर्यंत वाट पाहू नका.

बदलताना बाहेरचा ३.६ व्होल्टचा सेल, सिरीजमध्ये शॉट्की डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा, कमी व्होल्टेज खाणारा भाग) आणि १ किलोओहम रेझिस्टर घालून, जुन्या सेलच्या पॅडना (बोर्डवर तो सोल्डर केलेल्या जागांना) समांतर जोडा. ध्रुव दोनदा तपासा! रेझिस्टरमुळे जुन्या सेलमध्ये जास्त करंट शिरत नाही. रॅमला लागतात काही मायक्रोअँपिअर, त्यामुळे तिथे फरक पडत नाही. सोल्डरिंग आयर्न गरम करून त्याचा प्लग काढा आणि मगच टेकवा, नाहीतर अर्थ झालेल्या टोकामुळे गडबड होऊ शकते.

नवा सेल टॅबवालाच (सोल्डर करायला धातूच्या पट्ट्या असलेला) घ्या. लिथियम सेलच्या अंगावर थेट सोल्डर करणं धोक्याचं आहे, तो फुटू शकतो.

एक मात्र पाहा: काही स्कोपमध्ये वेगळी बॅटरी दिसतच नाही, ती डॅलस कंपनीच्या मेमरी चिपच्या आतच असते. तिथे ही युक्ती चालत नाही; आधी डेटा वाचून ठेवावा लागतो आणि मग नव्या चिपमध्ये लिहावा लागतो.