ग्राफ जुळला म्हणजे मॉडेल पास झालं का?

प्रश्न: सर, एमटेकच्या प्रोजेक्टसाठी एका नदीचं पाऊस-प्रवाहाचं मॉडेल बनवलंय. दहा वर्षांचा रोजचा डेटा टाकला, महिनाभर पॅरामीटर (मॉडेलमधले जुळवायचे आकडे) इकडून तिकडं हलवले आणि नॅश-सटक्लिफ (मॉडेल प्रत्यक्षाशी किती जुळतं ते सांगणारा आकडा) 0.87 आला, ग्राफ तर एकमेकांवर चिकटलाय अगदी. तरी गाइड विचारतायत क्वालिटी अ‍ॅशुरन्स (क्यूए), म्हणजे मॉडेल भरवशाचं आहे याची खात्री, कुठंय. आता अजून काय दाखवू?

उत्तर: 0.87 बघून कुणालाही आनंद होईल, पण घोटाळा तुमच्या प्रश्नातच आहे, दहाच्या दहा वर्षं तुम्ही कॅलिब्रेशनला, म्हणजे पॅरामीटर बसवायलाच वापरून टाकलीत. पेपर आधी हातात होता आणि मार्क चांगले पडले, असं झालं ते. निम्मी वर्षं झाकून ठेवा, उरलेल्यांवर पॅरामीटर बसवा आणि मग झाकलेली उघडा. याला स्प्लिट सॅम्पल टेस्ट म्हणतात. व्हीत क्लेमेश या जलशास्त्रज्ञाने 1986 मधे टेस्टची जी उतरंड मांडली त्यात ही सगळ्यात खालची, सोपी पायरी. वरच्या पायऱ्यांपैकी एक जरा कडक आहे. मॉडेल उद्या दुष्काळासाठी वापरायचं असेल तर ओल्या वर्षांवर बसवायचं आणि कोरड्या वर्षांवर तपासायचं, आणि तिथं भल्याभल्या मॉडेलांचं पितळ उघडं पडतं.

आता त्या आकड्याबद्दल. 1970 पासून वापरात आहे, 1 म्हणजे तंतोतंत, 0 म्हणजे तुमच्या मॉडेलऐवजी नुसती सरासरी लिहिली असती तरी चाललं असतं, आणि खाली उणे कितीही जाऊ शकतो. पण त्यात चुकांचा वर्ग करतात, त्यामुळे मोठे पूरच सगळे मार्क ठरवतात, दोन-चार पूर नीट बसले की आकडा झकास दिसतो आणि उन्हाळ्यातला बारीक प्रवाह दुप्पट आला तरी पत्ता लागत नाही. म्हणून प्रवाहाचा लॉग (लॉगरिदम) घेऊन तोच आकडा परत काढा आणि एकूण पाणी किती टक्के कमी-जास्त येतंय तेही बघा. 0.5 च्या वर गेलं की मॉडेल ठीक असं सगळे म्हणतात ना, ते मोरियासी आणि मंडळी या संशोधकांच्या 2007 च्या लेखातून आलंय आणि तिथं ते महिन्याच्या प्रवाहासाठी आहे, रोजच्या नाही. हे वाचायला कुणाला वेळ नसतो.

आणि ज्याच्याशी जुळवताय तो "मोजलेला" प्रवाह तरी कुठं मोजलेला असतो? मोजतात पाण्याची पातळी, तिचा प्रवाह करतात रेटिंग कर्व्हवरून, म्हणजे कुठल्या पातळीला किती प्रवाह ते दाखवणाऱ्या रेषेवरून. भर पुरात करंट मीटर (पाण्याचा वेग मोजायचं यंत्र) घेऊन कोण उतरणार, त्यामुळे कर्व्हचा वरचा भाग बऱ्याचदा अंदाजाने पुढं ओढलेला असतो. म्हणजे पुराच्या शेंड्याशी तुम्ही जे जुळवलंय ते दुसऱ्या कुणाच्या तरी मॉडेलशीच.

माझी स्वतःची फजिती सांगतो. मॉडेलमधला पूर कायम एक दिवस उशिरा यायचा, मी तीन आठवडे जमिनीचे पॅरामीटर पिळत बसलो, शेवटी कळलं की सकाळी नोंदवलेला पाऊस हा आदल्या चोवीस तासांचा असतो आणि मी तारीख नीट लावलीच नव्हती. वाईट म्हणजे पॅरामीटर पिळून ग्राफ जवळपास जुळला पण होता! कीथ बेव्हन हे जलशास्त्रज्ञ ज्याला इक्विफिनॅलिटी म्हणतात तेही इथं येतं, वेगवेगळे पॅरामीटर घेऊन सारखंच चांगलं उत्तर निघू शकतं, मग बरोबर संच कुठला ते ग्राफ सांगणार नाही. तेव्हापासून डायरी ठेवतो, कुठला डेटा टाकला, कुठला काढला आणि का, कुठला पॅरामीटर कधी बदलला. गाइडना बहुतेक हीच हवीय.

प्रश्न: आम्ही टेस्टेड, नावाजलेलं सॉफ्टवेअर वापरतो. मग क्यूए आपोआप झालं ना?

उत्तर: नाही हो. मॉडफ्लो हे भूजलाच्या मॉडेलचं सॉफ्टवेअर 1980 च्या दशकापासून जगभर वापरलं जातंय, कोड तावूनसुलाखून निघालाय, पण जमिनीखालचे थर, सीमा, उपसा हे तुम्ही भरलेलं असतं. क्युमेकच्या (सेकंदाला घनमीटर) जागी क्युसेक (सेकंदाला घनफूट) भरलं तर 35 पट फरक पडेल आणि सॉफ्टवेअर मुकाट्याने उत्तर देईल.

प्रश्न: मी मॉडेलवाला नाही, पण कन्सल्टंटचा रिपोर्ट मंजूर करायचं काम माझ्याकडे येतं. मी काय बघू?

उत्तर: तुमची जागा सगळ्यात महत्त्वाची आहे, फक्त तुम्ही शेवटी येता ही अडचण. नेदरलँडमधे 1999 ला चांगल्या मॉडेलिंगचं हँडबुक निघालं, नंतर युरोपात हार्मोनीक्यूए नावाचा, पाण्याच्या मॉडेलांच्या क्यूएचा प्रोजेक्ट झाला, दोन्हीकडे जोर यावर की काम घेणारा आणि काम देणारा अधल्यामधल्या टप्प्यांवरच बोलले पाहिजेत. किती अचूक असलं म्हणजे पुरे, हे मॉडेल सुरू व्हायच्या आधी लिहून घ्या, नाहीतर जे आलं तेच पुरेसं होतं असं नंतर ठरतं. मग पाण्याचा ताळेबंद मागा, आत आलेलं, बाहेर गेलेलं, साठलेलं. तो जुळत नसेल तर पुढची रंगीत पानं उलटूच नका. उत्तर एकच आकडा असेल तर रेंज विचारा, आणि "मॉडेल व्हॅलिडेट केलंय" (म्हणजे न वापरलेल्या डेटावर तपासलंय) असं मोघम वाक्य दिसलं तर कुठल्या वर्षांवर केलं ते विचारा. आणि जमलं तर तिसऱ्या माणसाला फाइली देऊन मॉडेल परत चालवून बघा, रिपोर्टमधलाच आकडा येतो का ते.