‘पुंज’ की ‘किती’?

सांगलीच्या विश्रामबागेतील एका वाचकांचा प्रश्न असा: निवृत्तीनंतर सामान्य वाचकांसाठी लिहिलेली भौतिकशास्त्राची पुस्तके वाचताना ‘पुंजयामिकी’ (क्वांटम मेकॅनिक्स) हा शब्द सारखा भेटतो, पुंज म्हणजे रास, मग ऊर्जेच्या अविभाज्य हिश्श्याला पुंज का म्हणावे, आणि सरळ ‘क्वांटम’ म्हटले तर काय बिघडले?

बिघडत काहीच नाही. फक्त त्याचा अर्थ ‘प्रचंड’ असा करू नये. शिकवणीवर्गांच्या फलकांपासून पतसंस्थांच्या वार्षिक अहवालांपर्यंत जो तो ‘क्वांटम झेप’ घेत सुटला आहे. अणूतला इलेक्ट्रॉन एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर जातो ती झेप अतिसूक्ष्म असते आणि तिचे वैशिष्ट्य, मधल्या कोणत्याही ऊर्जेवर त्याला थांबता येत नाही, हे आहे.

तेजःपुंज, तारकापुंज, कापसाचा पुंजका हे शब्द सर्वांना ठाऊक असल्यामुळे त्यांत वेळ घालवीत नाही. खरी गंमत ‘क्वांटम’मध्ये आहे. लॅटिन ‘क्वांटुस’ म्हणजे ‘केवढा, किती’, आणि त्याचे नपुंसकलिंगी रूप ‘क्वांटुम’. त्याच्या आरंभीचा प्रश्नार्थक ‘क्व’ आणि आपल्या कः, किम्, कति, कियत् यांतला ‘क’ हे एकाच मूळ ध्वनीचे वंशज आहेत. लॅटिन ‘क्वोत’ तर संस्कृत ‘कति’चा सख्खा भाऊच. म्हणजे ‘क्वांटम’ हा आपल्या ‘किती’चा भाऊबंद ठरतो! साखर कारखान्यांना विक्रीसाठी ठरवून मिळणारा ‘कोटा’ही याच कुळातला. आणि न्यायालयातले वकील ‘शिक्षेचे क्वांटम’ म्हणतात, तेव्हा ते शास्त्रज्ञांच्या आधीपासून चालत आलेला ‘किती’ हाच अर्थ सांभाळत असतात.

मॅक्स प्लांक यांनी १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये तापलेल्या वस्तूच्या प्रारणाचा हिशेब मांडताना ऊर्जा ठरावीक हिश्श्यांत मोजली, आणि १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी प्रकाशालाही तोच न्याय लावून त्या हिश्श्यांना प्रकाशाचे ‘क्वांटा’ म्हटले. हा हिस्सा सर्वत्र सारखा नसतो, तो वारंवारतेच्या (सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येच्या) प्रमाणात बदलतो, आणि प्रत्येक रंगाची वारंवारता निराळी: हायड्रोजनच्या वर्णपटातील तांबड्या रेषेचा १.८९ इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे ऊर्जेचे सूक्ष्म एकक), तर निळसर-हिरव्या रेषेचा २.५५. प्रत्येक रंगाला ‘किती?’ असे विचारावे आणि प्रत्येकाने निराळे उत्तर द्यावे, असा हा प्रकार असल्यामुळे प्रश्नार्थक मुळाचे नाव त्याला चपखल बसते.

म्हणूनच ‘पुंज’ मला कधी पटला नाही. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाने तो स्वीकारला, आणि विश्वकोशाविषयी मनात कितीही आदर असला तरी या एका ठिकाणी परिभाषाकारांनी अर्थाऐवजी चित्र निवडले, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘प्रकाशपुंज’ कानांत घुमत असावा आणि ऊर्जेचा ‘गठ्ठा’ डोळ्यांपुढे असावा, असा माझा तर्क. ‘पुंज’चे कैवारी सांगतात की गठ्ठा सुटा असतो, म्हणून शब्द योग्य आहे. पण गठ्ठा सोडता येतो, रास उपसता येते. हळदीच्या राशीतून मूठभर हळद कोणीही उचलील, फोटॉनमधून, म्हणजे प्रकाशाच्या एका क्वांटममधून, मूठभर फोटॉन काढून दाखवावा! हिंदीत सुचवला गेलेला ‘प्रमात्रा’ निदान मोजमापाशी तरी इमान राखतो. मला विचाराल तर ‘कियदंश’ म्हणावे: कियत् अधिक अंश. संस्कृतात ‘कियत्’ म्हणजे ‘किती’ आणि ‘थोडेसे’ही, त्यामुळे प्रश्न आणि लहानपणा दोन्ही एका शब्दात येतात. उच्चार अवघड आहे अशी तक्रार ‘पुंजयामिकी’ म्हणणाऱ्यांनी तरी करू नये. (‘यामिकी’चे प्रकरण वेगळे आहे, त्यात आज शिरत नाही.)

वाचकांच्या प्रश्नाविषयी इतकेच की पुस्तकात ‘पुंज’ दिसेल तेथे रास मनात न आणता ‘आणखी न तुटणारा हिस्सा’ असे वाचावे. आणि ‘क्वांटम’ खुशाल म्हणावे, मात्र त्याचे अनेकवचन ‘क्वांटा’ होते, ‘क्वांटम्स’ नव्हे.